बापाला आधी त्याचा वाढदिवस द्या

बापाच्या वाढदिवसाला काय द्यावे, हा प्रश्न अलीकडे आपल्या घरांत मोठ्या गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे. बापाने आपली उमर चंद्रपूरच्या वीजकेंद्रात, बल्लारपूरच्या कागद गिरणीत नाही तर वडसा-आरमोरीकडच्या धानाच्या बांधीत घालवलेली असते. मुलगा पुण्याला असतो, मुलगी बंगळूरला. दोघांचा फोनवर खल होतो. घड्याळ द्यावे, तर बापाजवळ दोन घड्याळे पडून आहेत. शर्ट द्यावा, तर मागच्या वर्षीचा शर्ट अजून घडीतून बाहेर आलेला नाही. मग कोणी रक्तदाब मोजण्याचे यंत्र सुचवतो, कोणी नवा मोबाइल, कोणी पाय चेपणारी खुर्ची. अखेर एक खोके कुरियरने गावी येते, बाप ते उघडतो, "कायले खर्च करतं बाबू, मले का पायजे आता?" असे म्हणतो, आणि ते खोके कपाटावर जाऊन बसते. मुलांना वाटते, आपण कर्तव्य केले. बापाला काय वाटते, हे कोणी विचारीत नाही.

माझे म्हणणे असे आहे की हा सगळा खल मुळातच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. काय द्यावे, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, ज्या दिवशी आपण हे खोके पाठवतो तो दिवस बापाचा आहे काय?

चांदा आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांतल्या, साठी ओलांडलेल्या बापांच्या शाळेच्या दाखल्यांवर एकदा नजर टाका. कोठे १ जून, कोठे १ जुलै! गावेच्या गावे एकाच तारखेला जन्मलेली. ह्यात चमत्कार काही नाही. त्या काळी गुरुजी पोरे गोळा करीत गावातून फिरत. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की त्याला सहा वर्षे पूर्ण झाली असे समजत. जन्मतारीख आईबापांना सांगता येत नसे. गुरुजींचा रकाना तर भरायचा असे. मग शाळेच्या हंगामाला सोईची पडेल ती तारीख दाखल-खारीज पुस्तकात चढे. तीच पुढे नोकरीच्या पुस्तकात गेली, तीच मतदार ओळखपत्रावर, तीच आधारकार्डावर. कोळशाच्या खाणीत तर ह्याहून वेगळी तऱ्हा. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मजुरांची नावे, वये आणि तारखा नोंदवह्यांत आल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे वय म्हणजे लिहिणाऱ्याच्या नजरेचा अंदाज. त्या अंदाजावर कोण किती वर्षे खाणीत उतरणार आणि कोण कधी घरी बसणार, हे ठरले. त्यावरून पुढे किती कज्जे झाले, ते खाणवाल्या घरांना सांगायला नको.

गुरुजींना दोष देण्याचा येथे मुळीच हेतू नाही. त्यांनी तारीख बनवली नसती, तर पोर शाळेबाहेर राहिले असते. ती तारीख म्हणजे शाळेत शिरण्याचा परवाना होता आणि गुरुजींनी तो उदारपणे दिला. दोष आहे तो आपला, शिकलेल्या मुलांचा. बापाने ती खोटी तारीख आयुष्यभर सरकारी कामापुरती वापरली. आपण मात्र तिच्यावर मेणबत्त्या लावल्या. १ जूनला मोबाइलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. एकाच दिवशी गावातल्या पन्नास बापांना पन्नास मुले फुलांची चित्रे पाठवतात. बाप हसतो, "हो रे बाबू" म्हणतो, आणि मनातल्या मनात त्याला ठाऊक असते की हा माझा दिवस नव्हे, हा गुरुजींचा दिवस आहे.

आपल्या भाषेत एक म्हण आहे: बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर. ह्या म्हणीने आपण दुसऱ्यांना कोंडीत पकडतो. कधी ती आपल्या घराला लावून पाहिली आहे काय? बाप गेला, की त्याची तिथी आपण विसरत नाही. पितृपक्षात त्या तिथीला पान वाढले जाते. आखाजीला त्याच्या नावाने घागर भरली जाते. त्याला काय आवडत होते हे आठवून आठवून रांधले जाते, आणि कावळा शिवेपर्यंत सारे घर अंगणात ताटकळते. मेलेल्या बापाच्या बाबतीत आपण इतके काटेकोर! जिवंत बाप मात्र एका बनावट तारखेवर उभा आहे, आणि त्याची खरी तिथी कोणती, पक्ष कोणता, पाऊस होता की उन्हाळा, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. मरणाची तिथी पाठ आणि जन्माची विचारायची नाही, ह्या रीतीला पितृभक्ती म्हणणे मला जड जाते.

येथे काही मंडळी म्हणतील की वाढदिवस हे खूळच मुळी परदेशी; आपल्या वाडवडिलांनी कधी वाढदिवस केले? ह्या मंडळींनी आपल्या म्हणण्यातली अर्धी गोष्ट दडवली आहे. आपल्याकडे वाढदिवस होते. बाळाला औक्षण होते, साठाव्या वर्षी साठीशांत होती, पुढे सहस्रचंद्रदर्शन होते. परंतु हे सारे ज्याच्या घरी जन्मपत्रिका होती त्याचे होते. जोशीबुवा घटका-पळे मांडून ज्याची कुंडली करीत, त्याच्या जन्माला तारीख होती. गोंड, माडिया, महार, ढिवर, बुरूड, कुणबी, तेली यांच्या बहुतेक घरांतली पोरे मोहफुले वेचायच्या दिवसांत, रोवण्याच्या चिखलात, तेंदूपत्त्याच्या फळीवर जन्मली. त्यांची पत्रिका मांडायला कोणी बसले नाही. म्हणजे आपल्या समाजात जन्मतारीख असणे ही सुद्धा एक मिरास होती, आणि ती थोड्यांच्या वाट्याला आली होती. म्हणून, वाढदिवस हे पाश्चात्त्य फॅड आहे असे म्हणून जो हात झटकतो, तो नकळत असे म्हणत असतो की ज्यांना तारीख नव्हती त्यांना ती आता तरी कशाला हवी?

परदेशाचे नाव निघालेच आहे, तर तिकडचीही एक हकीकत सांगतो. जून महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी जो 'पितृदिन' म्हणून दुकानदार आपल्या माथी मारतात, तो अमेरिकेतल्या स्पोकेन गावी सोनोरा डॉड नावाच्या एका मुलीने सुरू केला. आई गेल्यावर तिच्या बापाने एकट्याने घरची पोरे वाढवली होती. तिने सुचवलेली तारीख होती ५ जून, तिच्या बापाचा खरा जन्मदिवस. परंतु गावच्या धर्मोपदेशकांना प्रवचनाच्या तयारीला इतका थोडा वेळ पुरेना. म्हणून तो दिवस पुढे ढकलून १९ जून १९१० ह्या रविवारी साजरा झाला. पुढे १९७२ साली अमेरिकेत त्याला कायद्याचे रूप मिळाले आणि दुकानांनी तो जगभर नेला. म्हणजे तेथेही बापाचा दिवस दुसऱ्यांच्या सोईसाठी हललाच! आमच्या गुरुजींची १ जून आणि त्यांच्या पाद्र्यांचा तिसरा रविवार, ह्या दोन्ही तारखा एकाच जातीच्या. फरक इतकाच की सोनोराला आपल्या बापाची खरी तारीख ठाऊक तरी होती.

आता भेटवस्तूंचा समाचार घेऊ. बापाला चष्मा करून देणे, मोतीबिंदू काढून आणणे, कानाचे यंत्र घेऊन देणे, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर पोचवणे ही कामे चांगली आहेत, आवश्यक आहेत. पण त्यांना भेट म्हणू नये. ते देणे आहे. आईबापांचा सांभाळ करणे हे मुलांवर बंधनकारक आहे, असे सांगणारा कायदाच आपल्या देशात २००७ साली झाला. ज्या गोष्टीसाठी सरकारला कायदा करावा लागतो, ती गोष्ट रंगीत कागदात गुंडाळून, वर फीत बांधून, वाढदिवसाची भेट म्हणून बापापुढे ठेवणे म्हणजे सावकाराचे कर्ज फेडताना त्याला बक्षीस दिल्याचा आव आणण्यासारखे आहे. देणे वर्षभर द्यावे. वाढदिवसाच्या दिवशी ज्याची गरज नाही पण ज्याची ओढ आहे, असे काही द्यावे.

"पण बाबा म्हणतात, मले काही नोको," असे उत्तर लगेच येते. हे उत्तर खरे मानून स्वस्थ बसणारी मुले फार आहेत. बाप 'काही नको' म्हणतो याचे कारण त्याच्या पुढे ठेवलेल्या वस्तूंपैकी त्याला काही नको असते. चार भावंडांत एक चप्पलजोड वाटून घेतलेल्या माणसाला खुर्चीने पाय चेपून घेण्याची हौस कोठून येणार? परंतु त्याला एकदा एवढेच विचारून पाहा, की बाबा, तुमचा जन्म झाला तेव्हा आजीने काय सांगितले होते? मग तो काही नको म्हणतो का, ते पाहा. सत्तर वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. मास्तराने वय विचारले, साहेबाने तारीख विचारली, डॉक्टरने वजन विचारले. जन्म कोणीच विचारला नाही.

विचारायचे कसे, हे मात्र समजून घ्यावे लागते. तारीख विचारली तर तो कार्डावरची तारीखच सांगेल. विचारावे ते हंगामाने. मोहफुले पडत होती, की तेंदूपत्ता सुरू होता? रोवणा चालला होता, की धान कापणीला आले होते? पोळ्याच्या आधी, की नंतर? एवढ्याने महिना हाताशी येतो. साल शोधायचे तर गावाच्या आठवणीतले खांब धरावे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटले, त्याच्या आधीचा की नंतरचा? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली, तेव्हा तो आईच्या कडेवर होता, की पायाने चालत गेला? त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६२ साली चीनची लढाई झाली. धाकटी बहीण तेव्हा झाली होती का? कित्येकदा वार तर नावातच बसलेला असतो. सोमा, मंगरू, बुधू, सुकरू ही नावे उगाच पडलेली नाहीत. मायबापांनी पंचांग न पाहता पोराच्या नावावरच वार कोरून ठेवला आहे. शिकलेल्या मुलांना ज्या नावाची लाज वाटते, तेच नाव बापाचा खरा दाखला असू शकते. आणि बापाला आठवत नसेल तर आत्याला विचारा. थोरल्या बहिणीने भावाला मांडीवर घेतलेले असते. तिच्या आठवणीत धाकट्या भावाचा जन्म अजून ताजा असतो.

एवढे झाले की खरी मौजेची पायरी येते. आमच्या विदर्भात, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळापासून, गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. तिला कोतवाल पंजी किंवा कोतवाल बुक म्हणतात. तिच्या जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात आणि अर्ज करून नक्कल मागता येते. त्या नोंदीत बहुधा पोराचे नाव नसते. जन्माच्या दिवशी नाव ठेवलेलेच नसे. बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी आणि तारीख. म्हणजे आजोबांच्या नावापुढे तीन मुलगे लागले, तर त्यांतला आपला बाप कोणता, हे वहीला ठाऊक नसते. ते आत्याला ठाऊक असते. थोरला पावसात झाला, मधला रोवण्यात, धाकटा मंडईच्या दिवसांत. सरकारची वही आणि आत्याची आठवण समोरासमोर ठेवली, की दोहोंच्या मिलाफातून बापाचा दिवस उभा राहतो. प्रत्येकाला ही नोंद सापडेलच असे नाही. वह्या फाटल्या, वाळवीने खाल्ल्या. काही गावांपर्यंत लिहिणारा हात पोचलाच नाही. मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या वडीलधाऱ्यांची नोंद तर सरहद्दीपलीकडे राहिली. तेथे तारीख मिळणार नाही. हंगाम मिळेल, वार मिळेल, नदीचे नाव मिळेल. तेही कार्डावरच्या १ जूनहून खरे असेल.

कोणी म्हणेल, ह्या उद्योगाचा उपयोग काय? पेन्शन वाढणार आहे थोडीच? पेन्शन वाढणार नाही, आणि त्यासाठी हे करूही नये. सरकारी नोकरीतली तारीख बदलायचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो. म्हातारपणी कागदपत्रांत खाडाखोड करू गेले, तर एक कार्ड दुसऱ्याशी जुळेनासे होते आणि बाप खिडक्यांवरून हेलपाटे घालीत बसतो. कागदावरची तारीख कागदावर राहू द्या. घरात मात्र खरी तारीख नांदू द्या. रामाचा जन्म नवमीला आणि कृष्णाचा अष्टमीला आपण तिथीने करतोच. त्यांचे आधारकार्ड कोणी पाहिले?

परंतु उपयोग नाही असेही नव्हे. जातपडताळणीच्या वेळी, अनुसूचित जमातीच्या पोरांना १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या पोरांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा धुंडाळत फिरावे लागते. तेव्हा हीच कोतवाल पंजी आणि आजोबांचा दाखल-खारीज उतारा कामाला येतो. पोरीचा वैद्यकीय प्रवेश आठ दिवसांवर आला, की मग सारे घर तहसिलीकडे धावते. तेच काम बापाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने निवांतपणे झाले असते. ह्याहून मोठी गोष्ट वनहक्काची. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखाली जो पुरावा चालतो, त्यात गावच्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही धरलेले आहे. ते दावेदाराखेरीज दुसऱ्याचे असावे लागते. बिगर-आदिवासी वननिवासींना तर तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ती सांगणार कोण? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा मान पहिल्याने मिळवणाऱ्या गावांत ते होते. एकत्र बसून बोलायची आणि अभ्यास करायची रीत त्या गावात आधीपासून होती, म्हणून ते कायद्यापुढे तयार उभे राहिले. आपल्या गावात तेंदू कोणत्या रानात तोडत, गुरे कोठे चारत, मोहाचे कोणते झाड कोणाचे, पाट कोणी काढला, हे बापाला ठाऊक आहे. ते त्याने सांगितले आणि आपण लिहून ठेवले, तर शेजाऱ्याच्या दाव्याला आधार होतो. म्हणजे बापाची आठवण ही नुसती आपल्या घरची ठेव नाही, ती गावाची मालमत्ता आहे. आणि ह्या मालमत्तेला वारसनोंद नसते. बाप गेला की ती गेली.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. कुरियरचे खोके ह्या वर्षी पाठवू नका. दिवाळीला घरी आलाच आहात, तर भाऊबीज झाल्यावर लगेच पळू नका. शंभर पानी वही घ्या. बापाजवळ बसा, प्रश्न हंगामाने विचारा, तो बोलेल ते त्याच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. माडियात बोलला तर माडियात, सिरोंच्याकडे तेलुगूत बोलला तर तेलुगूत. देवनागरीत उतरवायला हरकत काय? आत्याला भेटून या. सुट्या संपण्याआधी तहसिलीत नक्कलेचा अर्ज टाका. आणि जो दिवस निघेल, तिथीने निघो, वाराने निघो, की नुसता 'रोवण्याचा तिसरा दिवस' म्हणून निघो, त्या दिवशी गावी या.

त्या दिवशी वस्तूही अवश्य द्या. माझा वस्तूंवर राग नाही. आरमोरीचा कोशाचा दुपट्टा द्या. वाढदिवस मंडईच्या दिवसांत आला, तर वडशाच्या कंपनीचे नाटक जवळपास लागलेले असेलच. बापाला शेजारी बसवून झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत पाहा, आणि मधे झोप आली तर उठून जाऊ नका. पण दुपट्टा अंगावर घालताना त्याला एवढे सांगता आले पाहिजे की, बाबा, आज तुमचा दिवस आहे. हा गुरुजींनी दिलेला नाही, आम्ही शोधून आणला आहे.

सत्तर वर्षे दुसऱ्याच्या तारखेवर वाढलेल्या माणसाला याहून मोठी भेट कोणत्याही दुकानात मिळत नाही. आणि उशीर झाला, तर त्या बापाची एकच तारीख आपल्याजवळ उरेल. ती विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. ती आपोआप पाठ होते.